नाव शेवटी विचारा

वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात ती लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातले जीव आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवायच्या वहीचं, काम करतेय. ठाकर आणि कातकरी वाड्यांतली माणसं फुलं नसलेली, कधी तर पानंही नसलेली झाडं चालता चालता ओळखतात. पण एकच झाड दाखवलं तर दोघं दोन नावं सांगतात, आणि पुस्तकात तिसरंच सापडतं. तिचे प्रश्न तीन आहेत. ही माणसं नेमकं कशावरून ओळखतात? त्यावर कितपत विसंबायचं? आणि वहीत लिहायचं काय?

याच कामात माझी वीसेक वर्षं गेली, आणि त्यातली पहिली दोन वाया गेली. ती कशी, ते आधी सांगतो.

मी पुस्तकातून मराठी नावांची यादी करून घेऊन गेलो होतो. झाडापाशी उभं राहायचं आणि सोबतच्या मामांना विचारायचं, "ही भारंगीच ना?" मामा म्हणायचे, "हो." पुढचं झाड, पुढचा "हो". एका दिवसात चाळीस नावं झाली म्हणून मी खूश. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेनं दुसऱ्यांबरोबर गेलो, तेव्हा निम्मी यादी कोसळली. मामांना विचारलं तर ते नुसते हसले. उत्तर त्यांच्या आईनं दिलं, "तू एवढ्या लांबून आलास, वहीत आधीच लिहून आणलंस, तुला नाही कसं म्हणायचं?"

त्या दिवसापासून मी नाव शेवटी विचारतो. आधी विचारतो, "याचं काय करता?", मग "हे कुठं मिळतं, कधी मिळतं?", मग "याच्यासारखं दुसरं काय दिसतं?" आणि सर्वांत शेवटी "तुम्ही याला काय म्हणता?" हे शेवटचं उत्तर तुमच्या रकान्यात एका शब्दाचं असतं, पण आधीची तीन उत्तरं हीच खरी ओळख असते.

आता कशावरून ओळखतात ते. आपण कॉलेजात फुलापासून सुरुवात करायला शिकतो: पाकळ्या किती, पुंकेसर किती, बीजकोश वर की खाली. वाडीतली ओळख झाडाशी पोचायच्या आधीच अर्धी झालेली असते. कोणता महिना, जमीन कातळाची की मातीची, उतार कुठल्या अंगाचा, शेजारी कोण उभं आहे, या प्रश्नांवर शंभरातल्या नव्वद शक्यता गळून पडतात. उरलेल्या दहांत निवडायला एक पान पुरतं.

शेवळं घ्या. वळवाचा पाऊस पडून गेला की करवंदीच्या जाळीत, पाचोळ्यात जांभळट तपकिरी कोंब वर येतात. हा सुरणाच्या कुळातला कंद. त्याचा फुलोरा आधी येतो आणि पान मागाहून. म्हणजे ज्या दिवसांत शेवळं खुडायची, त्या दिवसांत पान नसतंच, आणि पान येतं तेव्हा शेवळं संपलेली असतात. पानावरून ओळखणारा इथं पहिल्याच पायरीला अडतो. वाडीतल्या बायका मात्र मागच्या वर्षी पान कुठं होतं ते लक्षात ठेवून जातात. ही ओळख दोन हंगामांची आहे, एका क्षणाची नाही. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांच्यासोबत काकडाची आंबट फळं शिजवतात, आणि काकडाची फळं नेमकी त्याच सुमाराला मिळतात. काकड हे वेगळ्याच कुळातलं, चांगलं मोठं झाड. पण बायकांच्या डोक्यात ही दोन एकाच खणात ठेवलेली असतात. एक कुठं दिसलं की दुसरं कुठं असेल ते आठवतं. तुमच्या नोंदवहीत शेवळं "कंदवर्गीय"मध्ये आणि काकड "वृक्ष"मध्ये जाईल आणि ही जोडी तुटेल. तेव्हा शेऱ्यासाठी एक रकाना मोठा ठेवा.

एप्रिलचं रान ही खरी परीक्षा. पानझडीत सगळी झाडं सारखी वाटतात. तिथं साल बोलते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, कांडोळाची पांढरीफटक आणि कागदासारखी सुटणारी. टेंभुर्णीची काळी, कौलं लावावीत तशी. तेवढ्यानं भागलं नाही तर कोयत्याचं टोक सालीत अलगद टेकवतात. बिवळ्यातून लाल डिंक पाझरतो, रक्तच वाटावं असा. सालईला राळेचा वास येतो. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. शाळेतल्या पोरांनाही ही खूण ठाऊक असते, आणि ती चुकत नाही. खरोट्याचं पान बोटाला पॉलिशपेपरसारखं लागतं, त्याला डोळ्यांची गरजच नाही. माझ्या ओळखीचे एक वयस्क दादा, मोतीबिंदूनं दृष्टी अगदी अधू, सरपणाच्या मोळीतली लाकडं हातात घेऊन वजनावरून, वासावरून आणि सालीच्या स्पर्शावरून वेगळी करायचे. मी दोन वेळा मुद्दाम फसवायचा प्रयत्न केला. एकदाच फसले, आणि तेही लाकूड ओलं होतं म्हणून.

चव हीदेखील खूण आहे, पण ती तुम्ही वापरू नका. का ते पुढं येईल. कुड्याचं उदाहरण मात्र सांगतो. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही दोन वेगवेगळ्या प्रजातींतली (जीनसमधली) झाडं. दोघांनाही पांढरी फुलं, दोघांनाही चीक, दोघांनाही जोडीनं लोंबणाऱ्या लांब शेंगा. औषधाला चालतो तो पांढरा, त्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. काळ्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात. बाजारात ही भेसळ जुनी आहे. वाडीत सालीचा कपचा जिभेला लावतात, कडू जहर लागला की पांढरा. शेंगा असतील तर त्याहून सोपं. काळ्याच्या दोन्ही शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. ही शेंगेची खूण मला एका गुराख्यानं दाखवली. नंतर वनस्पतिकोशात पाहिलं तर वर्णनात तीच होती.

आता कंद. इथं चूक झाली तर माणूस जातो, म्हणून इथली ओळख सर्वांत काटेकोर आहे. कोनफळ, करांदा, शेंडवेल ही सगळी डायोस्कोरिया प्रजातीतली भावंडं. शास्त्राची किल्ली विचारते: वेल डावीकडे वळतो की उजवीकडे? वाडीत मला आधी दाखवलं गेलं ते असं: पान एकेरी आहे, तीन दलांचं आहे की पाच दलांचं? खोडाला काटे आहेत का? वेलावर हवेत लोंबणारे कंद आहेत का, आणि त्यांची साल गुळगुळीत की खरखरीत? तीन दलांचं पान आणि काटेरी खोड दिसलं की थांबायचं. त्या कंदात मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विष असतं.

याच्या शेजारी कळलावी ठेवा. पावसाळ्यात फुलली की सगळे ओळखतात, पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलं. पण फूल नसताना तिचा जमिनीतला कंद रताळ्यासारखा किंवा कोनफळासारखा वाटून खाल्ला गेल्याच्या आणि त्यातून मृत्यू झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं. फूल नसताना खूण एकच, पण पक्की: पानाचं टोक पुढं निमुळतं होऊन सोंडेसारखं गुंडाळलेलं असतं, आणि त्यानंच ती शेजारच्या झुडपाला धरून चढते. मला ही खूण शिकवणाऱ्या आजीनं पानाला बोट लावून एवढंच म्हटलं, "हिला हात आहे. हात असलेलीचा कंद खणू नये." तुमच्या वहीत "पर्णाग्र प्रतानरूप" लिहाच, पण त्याच्या खाली आजीचं वाक्यही लिहा. दहा वर्षांच्या मुलाला कुठलं लक्षात राहील ते तुम्हीच ठरवा.

अळंबीबद्दल लोक नेहमी विचारतात, "आदिवासी विषारी अळंबी कशी ओळखतात?" प्रश्नच उलटा आहे. ते विषारी ओळखत नाहीत. ते खायची चार-पाच ओळखतात आणि बाकी सगळी सोडून देतात. वारुळावरची अळंबी घ्या. ती पावसाळ्यात ठराविक दिवसांत येते, ठराविक वारुळांवर येते, आणि उपटताना तिचा देठ मुळासारखा लांब खाली वारुळात गेलेला लागतो. जागा, दिवस आणि देठ या तीनही गोष्टी जुळल्या तर घ्यायची. एक जरी हुकली तरी नाही. चांदी काळी पडते का पाहा, किड्यांनी खाल्ली असेल तर चालते, असल्या सर्वसाधारण चाचण्या मी वाड्यांत जवळजवळ ऐकल्या नाहीत. त्या शहरात ऐकल्या, आणि त्या धोकादायक आहेत. माणसं मारणाऱ्या अळंब्यांनाही किडे लागतात. तुम्हाला चव घेऊ नका म्हटलं ते याच कारणानं. चव घेऊन ओळखणाऱ्याला काय चाखायचं नाही ते आधी माहीत असतं, आपल्याला नसतं.

आता दोन नावांची भानगड.

टाकळा हे एक नाव. पण शास्त्राप्रमाणे त्या नावाखाली सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया अशा दोन जाती येतात. फरक पाहायचा तर पानाच्या दांड्यावर, दलांच्या जोड्यांमध्ये असलेल्या बारीक ग्रंथी मोजायच्या: एकीला खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक, दुसरीला फक्त सर्वांत खालच्या जोडीत. कोवळी पानं खुडून भाजी करणाऱ्या बाईला या ग्रंथीशी काय करायचंय? दोन्हींची भाजी सारखीच लागते. मात्र कसविंद्याला ती टाकळ्यात कधीच मिसळणार नाही. त्याची दलं टोकदार आणि चुरगळली की वास उग्र, आणि तो भाजीचा नव्हे.

करांद्याचं उलटं. शास्त्राला डायोस्कोरिया बल्बिफेरा ही एकच जात दिसते. कोकणात मात्र परसात लावून उकडून खायचा करांदा निराळा आणि रानातला कडू करांदा निराळा. रानातला कापून, राखेत उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच तोंडात घालायचा. एका नावाच्या जागी दोन नावं असणं हा इथं घोटाळा नाही, तो जीव वाचवणारा तपशील आहे. पुस्तकातलं एक नाव लिहून तुम्ही तो पुसून टाकाल.

तिसरा प्रकार अवस्थेच्या नावांचा. काही वाड्यांत फुलोऱ्याला शेवळं आणि त्याच कंदाच्या कोवळ्या पानाला लोत म्हणतात. शेंडवेलीच्या फुलोऱ्याची भाजी निराळ्या नावानं चालते, कंद निराळ्या. दोघं दोन नावं सांगतात त्यातलं बरंचसं याच जातीचं असतं. एकानं झाड पाहिलं, दुसऱ्यानं भाजी पाहिली. आणखी थोडं जमातीच्या बोलीचं असतं. ठाकर एक म्हणतात, कातकरी दुसरं, महादेव कोळी तिसरं. खरीखुरी चूक या सगळ्यातून वजा करून जे उरतं त्यात असते, आणि ते फार थोडं उरतं.

जगभर असंच आढळलंय. अर्न्स्ट मायर हा पक्षिशास्त्रज्ञ 1928 मध्ये न्यू गिनीच्या आर्फाक डोंगरांत पक्षी गोळा करायला गेला. त्यानं वेगळ्या ठरवलेल्या 137 जातींसाठी तिथल्या लोकांकडे 136 नावं होती. फिलिपीन्समधल्या हानुनो लोकांचा अभ्यास करून हॅरल्ड कॉंक्लिन या मानववंशशास्त्रज्ञानं 1954 मध्ये दाखवलं की ते सोळाशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींना नावानं ओळखतात. वनस्पतिशास्त्राला त्याच वनस्पतींत जाती दिसल्या त्याहून कमी. पहिला आकडा सगळे सांगतात, कारण तो आपल्या शास्त्राशी जुळतो. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. जुळत नाही, तिथंच काहीतरी आपल्याला माहीत नसलेलं असतं. न्यू गिनीतलाच पिटोहुई हा पक्षी घ्या. त्याची कातडी कडू आहे, सोलल्याशिवाय खाऊ नये, हे तिथल्या शिकाऱ्यांना ठाऊक होतं. त्याच्या पिसांत आणि कातडीत विष असल्याचं शास्त्राच्या नियतकालिकात छापून आलं ते 1992 मध्ये.

प्राण्यांकडे वळतो. इथं डोळ्यांपेक्षा कान आणि जमीन जास्त कामाला येते.

पक्ष्यांची किती नावं आवाजावरून आहेत पाहा: पावशा, टिटवी, कुटुरगा. तांबट म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ठोका देणारा. नाव ऐकून ठेवलं की पक्षी न पाहता ओळखता येतो, आणि दाट पावसाळी रानात पक्षी दिसतो किती? उलट भारद्वाजाला सोनकावळा, कुंभारकावळा, कुक्कुडकोंबा अशी गावागणिक नावं आहेत, काही रंगावरून, काही आवाजावरून. ती सगळी लिहा. कोणतं "बरोबर" हे ठरवायला बसू नका. मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर रानातल्या माणसांकडून अशी नावं टिपली, म्हणून मराठीत ती शिल्लक आहेत.

कातकऱ्यांचं बिळाचं ज्ञान हा माझा आवडता विषय, म्हणून थोडं रेंगाळतो. या जमातीचं नाव खैराचा कात काढण्यावरून पडलं, पण भाताच्या खाचरातला उंदीर काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. बीळ दिसलं की आधी तोंड पाहतात. कोळ्याचं जाळं असेल तर राहणारा गेला. माती ताजी, ओलसर आणि बाहेर ढिगानं लोटलेली असेल तर घर वसतं आहे. बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवलेलं असेल तर आत शेतातली घूस बसली आहे, धान्याच्या कोठारासकट. तोंडाशी माती गुळगुळीत, घासलेली असेल तर हात घालायचा नाही, तिथून साप ये-जा करतो. एका संध्याकाळी मी सात बिळं दाखवून विचारलं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं चार रिकामी, दोन वसती आणि एक "हे सोडा" असं सांगितलं. खणल्यावर सहा बरोबर निघाली. सातवं आम्ही सोडलं.

सापांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊन लिहितो, कारण इथं ज्ञान आणि समजूत एकमेकांत गुंतलेली आहेत. मण्यार आणि कवड्या यांत गल्लत सगळीकडे होते. मण्यार जहरी, कवड्या बिनविषारी. मण्याराचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक आणि डोक्याकडे पुसट होत जातात, कवड्याचे नेमके उलट. रात्री घरात शिरलेल्या सापाचे पट्टे मोजत कोण बसणार? म्हणून घरात दोन्ही "मण्यार"च, आणि दोन्ही मारले जातात. कवड्यावर अन्याय आहे, पण चुकण्याची किंमत पाहिली तर त्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसायच साप आहे त्यांची ओळख बघायची तर तमिळनाडूतले इरुळा आदिवासी पाहा. 1978 मध्ये त्यांची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि प्रतिविषासाठी लागणारं विष ती पुरवते. धुळीतला पोटाचा घासटा, टाकलेली कात आणि विष्ठा यांवरून ते साप कोणता आणि कुठं गेला ते काढतात.

दुसरीकडे मांडूळ दोन तोंडांचं असतं, धामण गाईचं दूध पिते, सापसुरळी विषारी असते, हे मी वाडीतही ऐकलंय आणि शहरातल्या सोसायटीतही. तिन्ही खोटं. या सगळ्यात मला एक धागा दिसतो: जो प्राणी रोज हाताळला जातो, खाल्ला जातो किंवा विकला जातो, त्याचं ज्ञान धारदार असतं. ज्याच्यापासून नुसतं पळायचं असतं, त्याच्याभोवती गोष्टी साठतात. खेकड्यांचं पाहा. पोटाखालची झाकणी अरुंद तर नर, रुंद तर मादी, हे पाच वर्षांचं पोर सांगेल. कारण तो खेकडा रात्री ताटात येणार असतो. "भरवसा किती?" या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. माणसावर किंवा जमातीवर टक्के लावू नका. त्या माणसाचा त्या जिवाशी व्यवहार काय, ते विचारा.

आणि हा व्यवहार वाटलेला असतो. पालेभाज्या, कंद, सरपण बायकांना विचारा. कुर्डू फुलायच्या आधी, चार पानांचा असताना, माठापासून वेगळा काढणं मला आजही जमत नाही, त्यांना जमतं. मोठी झाडं, मध, शिकारीच्या खुणा बाप्यांना. आग्या कड्यावर उघडं पोळं बांधते, सातेरी पोकळीत एकामागे एक पोळी लावते, आणि पाण्यावर आलेली माशी परत कुठल्या दिशेनं उडते त्यावरून पोळं शोधायचं. ही माहिती मध काढणाऱ्याकडेच मिळेल. करवंदं, अळूची फळं, आमोण्या, वलगणीचे (पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे) मासे, पाखरांची घरटी मुलांना. जैवविविधतेच्या कित्येक नोंदवह्या सरपंच आणि दोन-तीन वडीलधाऱ्या पुरुषांना ग्रामपंचायतीत बसवून एका दुपारी भरलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात सागवान, आंबा, वाघ आणि मोर असतात. भाजी एकही नसते.

म्हणून पद्धत. फोटो दाखवून विचारू नका. फोटोत वास नाही, उंची नाही, शेजारी नाही. मी एकदा हर्बेरियमचे वाळलेले नमुने घेऊन गेलो होतो. सगळं रान कोळून प्यायलेल्या बाईंनी ते पाहून म्हटलं, "हा पाला मेलाय, याचं काय सांगू?" रानातच जा, आणि एकच वाट धरून वर्षातून निदान चार वेळा जा: वळवानंतर, श्रावणात, दिवाळीच्या सुमाराला आणि होळीला. वाटेतल्या त्याच झाडांना क्रमांक द्या. माणसं वेगवेगळी न्या, एकेकटी. घोळक्यात जो आधी बोलतो त्याचंच नाव सगळे सांगतात. उत्तर बदललं तर खोडू नका, दोन्ही तारखेसकट ठेवा. उच्चार जसा कानावर पडला तसाच देवनागरीत लिहा. "फोडशी" म्हणाले तर फोडशी, "कुळू" म्हणाले तर कुळू, पुस्तकाशी जुळवायला वाकवू नका. शास्त्रीय नाव त्यानंतर, नमुना तज्ज्ञाला दाखवून, आणि जमलं नाही तर रकाना कोरा सोडून. कोरा रकाना पुढचा माणूस भरतो. चुकीचा भरलेला रकाना तो नकलून घेतो.

एक रकाना मी स्वतः वाढवला आहे: "कशाशी गल्लत होते?" नोंदवहीच्या छापील तक्त्यात तो नाही. पण हा प्रश्न विचारला की माणूस बसता उठतो, फांदी तोडतो, दुसरं झाड शोधायला जातो आणि दोन्ही शेजारी धरून दाखवतो. माझ्या वहीतल्या निम्म्याहून जास्त उपयोगी खुणा याच रकान्यातून आल्या.

हे सगळं नवं आहे असंही नाही. हॉर्टस मलबारिकस हा मलबारच्या वनस्पतींचा 12 खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. डच अधिकारी व्हान ऱ्हीडनं तो सिद्ध केला, पण झाडं ओळखली ती इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यानं आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांनी. चित्रांवर मल्याळम आणि अरबीबरोबर नागरी लिपीतही नावं आहेत. पुढं शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं या ग्रंथाचा आधार घेतला. वेलदोड्याचं शास्त्रीय नाव एलेटारिया आहे, ते मल्याळम एलत्तरीवरून. तेव्हा लोकनाव खाली आणि शास्त्रीय नाव वर अशी उतरंड मनात असेल तर ती काढून टाका.

राहिला हक्काचा मुद्दा. जैविक विविधता कायदा 2002 चा. नोंदवही बनवणं हे त्याखालच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं काम आहे, तुम्ही मदतनीस आहात. वही गावाची. औषधाची माहिती सांगायची की नाही हे सांगणाऱ्यानं ठरवायचं. काही वैद्य मानतात की औषध उघड केलं की त्याचा गुण जातो. त्यावर वाद घालू नका, "माहिती आहे, सांगितली नाही" एवढंच लिहा. केरळात 1987 मध्ये काणी आदिवासी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. डोंगर चढताना दमछाक होऊ नये म्हणून ते तिची फळं खात होते. त्यातून औषध बनलं, आणि नफ्यातला वाटा काण्यांना देण्याची व्यवस्था झाली. तिचं जगभर कौतुकही झालं आणि वाटणीवरून तक्रारीही झाल्या. असं काही तुमच्या गावात होणार नाही असं समजू नका. दुर्मीळ वनस्पतींच्या जागा नकाशावर टाकून इंटरनेटवर तर अजिबात चढवू नका. खणणारे तुमच्या आधी पोचतात.

वही पुरी झाली की छापायला देण्याआधी वाडीत न्या आणि मोठ्यानं वाचून दाखवा. पंचायतीत नको, वाडीतच, संध्याकाळी, बायका कामावरून परतल्यावर. दोन-तीन संध्याकाळी लागतील. माझ्या पहिल्या वाचनात अकरा नावं खोडली गेली, नऊ नवी भरली गेली, आणि एका कंदावरून दोन आज्यांचं भांडण इतकं पेटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मला घेऊन ओढ्यापलीकडे गेल्या. तिथं दोन वेल होते. दोघींचंही बरोबर होतं.